मुक्कामाची निवड

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे हळदीच्या पट्ट्यातील गाव. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आणि या परिसराचे नाव दूरवर पोहोचले. याच गावात एका जैन कुटुंबाचे शेती अवजारांचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. आजोबांच्या काळी तेथे विळे, कोयते आणि मोटेचे दोर मिळत. आज बॅटरीवर चालणारे फवारणी पंप आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. या मालाचा मोठा हिस्सा चीनमधून येतो, म्हणून घरातील धाकट्या मुलाने ग्वांगझौच्या जत्रेला स्वतः जावे, असे ठरले.

व्यापारासाठी चीनला जाणे जैन समाजास नवे नाही. मुंबईच्या मोतीशा शेठ यांची गलबते चीनकडे जात असत. ग्वांगझौचे जुने नाव कँटन. १७५७ ते १८४२ या काळात परदेशी व्यापाऱ्यांना तेथे मुक्कामाची निवडच नव्हती. तटाबाहेर नदीकाठी नेमून दिलेल्या वखारींत, तेही व्यापाराच्या हंगामापुरतेच, त्यांना राहता येई. आपल्या वडीलधाऱ्यांनाही मुक्कामाची चिंता फारशी करावी लागली नाही, पण त्याचे कारण वेगळे होते. मुंबईस खरेदीला गेले की सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळा ठरलेली. तेथे जिनदर्शन घडे, गाळलेले पाणी मिळे आणि सूर्य मावळण्याआधी पान वाढले जाई. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्यासारख्या दानशूरांनी प्रवाशाच्या नियमाचा विचार त्याच्या आधीच करून ठेवला होता. आता मात्र हा विचार ज्याचा त्याने करावयाचा आहे.

मुलाने पहिल्या खेपेस, एप्रिल महिन्यात, तो केला नाही. त्याने केवळ भाडे पाहिले. ग्वांगझौमध्ये श्याओबेई नावाचा भाग आहे. भारतीय, अरब आणि आफ्रिकी व्यापाऱ्यांची तेथे वर्दळ असते. भारतीय भोजनालये आहेत आणि खोल्याही स्वस्त मिळतात. भारतीय जेवण जवळ आहे, मग अडचण कसली, असे त्यास वाटले. परंतु जत्रा भरते ती पाझौ येथे, नदीच्या पलीकडे. सायंकाळी सहा वाजता दालने बंद होत, हजारो माणसे एकाच वेळी मेट्रोकडे वळत आणि खोलीवर पोहोचेपर्यंत सात वाजून जात. एप्रिलमध्ये तेथे पावणेसातच्या सुमारास सूर्यास्त होतो. भोजनालय दाराशी होते, पण वेळ हातची गेलेली असे. दोन दिवस त्याने दुपारच्या खाकऱ्यावर काढले. तिसऱ्या दिवशी दालनाजवळच मांस नसलेल्या शेवयांचे सूप त्याने मागितले. अर्धे संपल्यावर सोबतच्या दुभाष्याने सांगितले की वरचे तुकडे काढले असले तरी रस्सा हाडांचाच आहे.

घरी परतल्यावर वडिलांनी विचारले, "जेवणाखाणाचे नीट झाले ना?" मुलगा "हो" म्हणाला. सौदा चांगला झाला होता. पंपाचा भाव मनासारखा मिळाला होता. पण ते "हो" त्याला पाच महिने टोचत राहिले. दशलक्षण पर्व आले, क्षमावणीचा दिवस उगवला. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांचे दर्शन घेऊन परतताना त्याने वडिलांचे पाय धरले आणि सर्व सांगितले. रश्श्याचे सांगितले आणि त्याहून कठीण, त्या खोट्या "हो"चेही सांगितले.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोटे बोललास त्याची क्षमा आजच्या दिवशी मागितलीस, ती मी दिली. रश्श्याचे प्रायश्चित्त महाराजांना विचारून घे. पण चूक त्या वाटीत झाली नाही, बाळा. खोली घेतलीस त्या दिवशीच झाली. आता ऑक्टोबरची खोली आपण दोघे मिळून पाहू."

ही जत्रा १९५७ पासून भरते. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत, ती तीन टप्प्यांत चालते. यंत्रे आणि अवजारे पहिल्या टप्प्यात असतात, तो पाच दिवसांचा. ऑक्टोबरमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारासच होतो, म्हणजे दालन बंद होण्याची वाट पाहणाऱ्यास नियम पाळताच येणार नाही. सूर्यास्तापूर्वी दोन घटका जेवण आटोपावयाचे, तर सव्वापाचला हात धुतलेले हवेत. तेव्हा बापलेकांनी ठरविले की मुक्काम पाझौमध्ये, दालनापासून चालत जाण्याच्या अंतरावरच घ्यावयाचा. साडेचारला खोलीवर यावे, जेवून घ्यावे आणि गरज पडल्यास शेवटच्या अर्ध्या तासासाठी परत जावे.

जत्रेच्या दिवसांत पाझौचे भाडे चढलेले असते. रोजचा फरक तीन हजार रुपयांचा निघाला, पाच रात्रींचे पंधरा हजार झाले. वसमतचा एक धर्मबंधू व्यापारी जाणारच होता. दोघांनी एक खोली घेतली, तेव्हा वाट्यास साडेसात हजार आले.

भाड्यावाचूनही काही गोष्टी पाहावयाच्या होत्या. चीनमध्ये परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात उतरल्यास ते काम हॉटेल करते; एखाद्याच्या घरी उतरल्यास चोवीस तासांत आपण करावे लागते. पूर्वी अनेक लहान हॉटेले परदेशी माणसास दारातूनच परत पाठवीत. २०२४ मध्ये सरकारने तसे न करण्याची ताकीद दिली आहे. तरीही परदेशी पारपत्र स्वीकारता का, हे मुलाने आधीच लेखी विचारून घेतले. खोली देताना अनामत घेतात, तिची पावती जपून ठेवावयाची. परदेशी नकाशांवरील खूण तेथे काही अंतराने चुकते, म्हणून हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत छापलेले कार्ड खिशात हवे. पाण्याची मात्र सोय उत्तम आहे. उकळलेले पाणी पिण्याची चिनी लोकांची जुनीच रीत असल्याने खोलीत विजेची किटली असते.

जेवणाचा एक मार्गही सापडला. चिनी बौद्ध परंपरेच्या शाकाहारात कांदा-लसणासह पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात. ग्वांगझौमध्ये ल्यूरोंग आणि ग्वांगश्याओ ही प्राचीन बौद्ध मंदिरे आहेत. अशा मंदिरांच्या परंपरेतील भोजनालयांत मांसाचा रस्सा मिळण्याची भीती नसते. तथापि तेथे कमळकंद, गाजर आणि अळंबी सर्रास वापरतात, हे विसरून चालत नाही. म्हणून काय काय चालत नाही ते एका ओळखीच्या दुभाष्याकडून चिनी लिपीत कागदावर उतरवून घेतले. सायंकाळसाठी घरून मुगाचे तयार पीठ, खाकरा आणि मेतकूट बरोबर नेले.

ऑक्टोबरच्या खेपेत पुरवठादाराने रीतीप्रमाणे रात्रीच्या मेजवानीचे निमंत्रण दिले. मुलाने संकोच न करता कारण सांगितले. तो गृहस्थ मुळीच रागावला नाही. त्याची स्वतःची आई महिन्यातील ठरावीक तिथींना शाकाहार पाळते, असे त्याने सांगितले आणि मेजवानी दुसऱ्या दिवशी दुपारी एका शाकाहारी भोजनालयात ठेवली. पाचही दिवस नियम निभावला.

परत आल्यावर हिशेब लिहिताना मुलगा म्हणाला, "हे साडेसात हजार माझ्या खाती टाका, बाबा. नियम माझा होता." वडिलांनी रोजकीर्द पुढे ओढली आणि ती रक्कम स्वतःच्या हाताने दुकानाच्या प्रवासखर्चात लिहिली. "दुकानाने तुला पाठविले," ते म्हणाले, "तर तुझा नियमही दुकानाच्याच खर्चाने तुझ्याबरोबर जाईल."

मग त्यांनी विचारले, "जेवणाखाणाचे नीट झाले ना?"

या वेळचे "हो" म्हणताना मुलास खाली पाहावे लागले नाही.