फट बुजवण्याआधी

घरी विमान बांधता येतं असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल का? वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुलं आधी हसतात. पण आपल्याच महाराष्ट्रातले कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. अमेरिकेत तर हा हजारो लोकांचा छंद आहे. अशा हौशी मंडळींची संघटना विस्कॉन्सिन राज्यात १९५३ साली सुरू झाली. तिथल्या नियमाची एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते. विमानाचा निम्म्याहून जास्त भाग स्वतःच्या ‘शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी’ बांधलेला असला पाहिजे, असं तो नियम सांगतो. बघा, शिक्षण हा शब्द आधी!

आता या विमानातली एक साधी अडचण घेऊ. विमान बांधून झालं, उडालं, आणि बसल्या जागी थंडगार वारा बोचू लागला. उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जमिनीवर १५ अंश असतील, तर अडीच हजार मीटरवर शून्याच्या आसपास. त्यात विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटर. म्हणजे बोटभर फटसुद्धा माणसाला कुडकुडायला लावते.

मग काय करायचं? वर्गात उत्तर ठरलेलं असतं, ‘सर, भोक बुजवा!’ पण कुठलं?

गंमत इथेच आहे. वारा मानेला लागतो, म्हणून माणूस डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची, म्हणजे कॅनॉपीची फट बुजवायला घेतो. पण पुष्कळदा त्या फटीतून हवा आत येतच नसते, ती बाहेर जात असते! मालट्रकवर बांधलेली ताडपत्री धावताना वर फुगते, ते आठवा. कॅनॉपीच्या फुगीर पाठीवरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. मग तिची जागा घ्यायला दुसरी हवा कुठून तरी येणारच. धुळीच्या रस्त्यावर धावणाऱ्या उघड्या जीपमध्ये धूळ मागून आत येते ना? तसंच इथेही होतं. शेपटीकडच्या फटींतून शिरलेली गार हवा विमानाच्या पोटातून पुढे सरकते आणि वैमानिकाच्या मानेवर येते. पंखाच्या मुळाशी, दांड्यांच्या भोकांतूनही ती येते.

म्हणून जाणकार लोक आधी वाऱ्याची वाट शोधतात. आत लोकरीचे छोटे धागे चिकटवतात. ते कुणीकडे उडतात त्यावरून दिशा कळते. रात्री आत दिवा लावून बाहेरून बघितलं की उजेड कुठून झिरपतो तेही दिसतं. मग कडांना रबराची किंवा फोमची पट्टी लावतात. हलणाऱ्या दांड्यांभोवती कापडी किंवा चामडी पिशवीसारखं आवरण बसवतात. ते इतकं सैल हवं की दांडी कधीही अडकू नये. थंडी सोसता येते, अडकलेली दांडी नाही.

पण मित्रांनो, सगळ्यात महत्त्वाची फट बोचतच नाही. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते, तिला फायरवॉल म्हणतात. तिच्यातून तारा आणि नळ्या जातात. आतला दाब कमी असेल, तर तिथल्या भोकांतून इंजिनाचा धूर आत ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. वैमानिकाला आधी डोकं जड वाटतं, मग नीट सुचत नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांचं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. ते विमान कारखान्यात बनलेलं होतं. तपासात साला यांच्या रक्तात या वायूचं प्रमाण ५८ टक्के आढळलं आणि वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा असा निष्कर्ष निघाला.

म्हणूनच फायरवॉलची भोकं आधी बुजवायची, आणि तीही आग सोसणाऱ्या लेपाने. साधा फोम तिथे पेट घेईल. बऱ्याच छोट्या विमानांत हीटरची ऊब गरम धुराड्याभोवतीच्या हवेतून येते. धुराड्याला तडा गेला, तर उबेबरोबर विषही आत येतं. त्यासाठी वायू ओळखणारं यंत्र डोळ्यांसमोर हवं. आणि ताज्या हवेची खिडकी कायमची बुजवायची नाही. तिच्यातून स्वच्छ हवा आत आली की आतला दाब वाढतो आणि धुराला आत यायला वाव कमी मिळतो.

हवेच्या दाबाचा धडा शिकवताना मी आता हेच उदाहरण घेतो. ‘भोक बुजवा’ म्हणणाऱ्याला मी विचारतो, ‘हवा कुठून येते आणि कुठे जाते, ते आधी सांग.’ तुम्हीही आज घरी खिडकीच्या फटीशी लोकरीचा धागा धरून बघा. वारा आत येतोय की बाहेर जातोय? पाहिलेलं वहीत लिहा, मग आपण वर्गात बोलू.