ऑफ सीझनची फुलं

चंद्रपूर म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, वाघ आणि ऊन. मे महिन्यात इथला पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढतो आणि सफारीवाले तरीही येतात. १ जुलैपासून तीन महिने मात्र ताडोब्याचा कोअर भाग बंद. टूरिस्टच्या हिशेबात एकदम ऑफ सीझन! पण इथल्या अंगणांतली झिनिया फुलते ती याच दिवसांत.

जटपुरा गेटच्या आतल्या गल्ल्यांत फिरा, नाहीतर मूल-सावलीमार्गे वैनगंगा ओलांडून गडचिरोली गाठा. कुंपणाला लागून लाल, केशरी, पिवळी, चक्क राणी कलरची फुलं डोलत असतात. नर्सरीचं रोप क्वचितच, सगळा कारभार घरच्या बियांवर.

चंद्रपूरच्या माझ्या मावशीकडे पेरणीची तारीख नसते. "पानी पडू दे ना आधी पोरी, कोरड्यात टाकलं तं मुंग्याच नेतीन." मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की ती काळ्या मातीचा वीतभर उंच वरंबा करते. झिनिया मूळची मेक्सिकोची, ऊन तिला आवडतं. तुंबलेलं पाणी नाही. बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल, वर भुरभुरती माती. पाच-सात दिवसांत कोंब. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला रुचत नाही, म्हणून जागच्या जागीच विरळणी. वीतभर झालं की शेंडा खुडायचा, मग फांद्या फुटतात. पोळ्याच्या सुमारास पहिली फुलं!

खरा शत्रू दमट हवा. पानांवर पांढरी भुरी येते. अंतराळ स्थानकातल्या झिनियालाही डिसेंबर २०१५ मध्ये दमटपणामुळे बुरशी लागली होती. अंतराळवीर स्कॉट केली यांनी पंखा वाढवून ती झाडं वाचवली आणि जानेवारी २०१६ मध्ये फूल उमललं. मावशीचा पंखा म्हणजे दोन रोपांत हातभर अंतर.

फूल झाडावरच तपकिरी होईपर्यंत वाळू द्यायचं. मग चुरगाळलं की पाकळ्यांच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं बी सापडतं. वर्तमानपत्राची पुडी, त्यावर रंगाचं नाव. अर्थात मधमाश्या ते नाव वाचत नाहीत, त्यामुळे 'राणी'च्या पुडीतून केशरी निघतं. बाजारातल्या हायब्रीड पाकिटाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच भरगच्च फूल येईल याची खात्री नाही.

हे घरचं बी टिकतं ते हातोहात फिरल्यामुळे. काही वर्षं कुणी पेरलंच नाही तर उगवणं कमी होत जातं आणि तो रंग त्या गल्लीतून जातो. मावशीच्या गल्लीत आता अंगण असलेली दोनच घरं उरलीत. बाकीकडे पेव्हर ब्लॉक आणि त्यावर कार.

सप्टेंबरअखेर तिकडे गेलात तर बिनधास्त बी मागा, लोक देतात. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत दहा इंची कुंडी, तळाला भोक आणि सहा तास ऊन एवढं पुरतं. पुडी देताना मावशी मला म्हणाली, "पुढल्या वर्षी तिकडचं बी इकडे पाठवजो."