सावरगाव ते बेळगाव, एकाच तिकिटावर

पांढुर्णा स्टेशनवर उतरायचे, गावातून जाम नदीचा पूल ओलांडायचा की आले सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन काठांवर गोटमार होते. एरवी सगळे सोयरेधायरेच! राज्य मध्य प्रदेश, जिल्हा २०२३ पासून पांढुर्णा, घरातली भाषा मराठी. आपल्या बेळगावकडच्यांना यात नवल ते काय?

माझी आत्या इथली. "तुझ्या लेकाच्या लग्नाला यायचंय रे, पण भाडं परवडंल का?" ज्येष्ठ महिलांची निम्म्या भाड्याची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हापासून तिचे माहेर लांबले.

मी हिशेब मांडला. पुण्यापर्यंत एक, पुढे दुसरे, असे तुकड्यांनी तिकीट काढू नये. अंतर वाढते तसा रेल्वेचा किलोमीटरमागचा दर उतरतो. गाडी बदलायची असली तरी खिडकीवर थेट बेळगावचे तिकीट मागावे. युरोपात देशागणिक रेल्वे वेगळी, म्हणून १९७२ मध्ये तिथे 'इंटररेल' पास निघाला. आपल्याकडे तीन राज्ये ओलांडली तरी रेल्वे एकच.

आरक्षण साठ दिवस आधी उघडते. आत्याने कॅलेंडरवर खूण केली आणि नव्या कानडी सुनेसाठी संत्र्यांची पेटीही सांगून ठेवली.