दिल्लीला जाताना पहिली सकाळ कोणाची?

अम्मीला दिल्लीत एकच गोष्ट हवी होती: जामा मस्जिदीत दोन रकात नमाज. आम्ही मात्र पहिल्या दिवशी कुतुबमिनार, दुसऱ्या दिवशी लाल किल्ला आणि बाजार असं करत मस्जिद शेवटच्या संध्याकाळी ठेवली. तोवर तिचे गुडघे सुजले होते. मस्जिदीच्या तिन्ही दरवाजांना तीसहून अधिक पायऱ्या आहेत. चार पायऱ्या चढून ती खाली बसली. म्हणाली, "तुम्ही वर जाऊन या. मी इथूनच दुआ करते." आम्ही वर गेलो, पण त्या विशाल अंगणात माझं मन लागलं नाही.

ती चूक तुमच्या घरात होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी मोसम. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. नोव्हेंबरात हवा खराब असते, दम्याच्या माणसाला नेऊ नका. जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. रत्नागिरी आणि पनवेलहून मंगला एक्स्प्रेस, पुण्याहून गोवा एक्स्प्रेस थेट हजरत निजामुद्दीन स्टेशनला नेते. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. वडीलधाऱ्यांसाठी खालचा बर्थ त्याच वेळी मागा.

पहिली सकाळ जामा मस्जिदीला द्या. शाहजहानच्या काळात, 1656 मध्ये ती पूर्ण झाली. सकाळी दगड थंड असतो, गर्दी कमी असते. मेट्रोचं जामा मस्जिद नावाचंच स्टेशन आहे आणि तिथे लिफ्ट आहे. पायऱ्या थांबत थांबत चढा, घाई करू नका. चपला ठेवायला एक पिशवी जवळ असू द्या. जमातीच्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबवतात. तुम्ही नमाजासाठी आला असाल तर तसं सांगा. बाहेर पडल्यावर मस्जिद आणि लाल किल्ला यांच्यामधल्या बागेत मौलाना आझादांची कबर आहे, तिथे मुलांना जरूर न्या. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे तारखा ठरवतानाच पाहा.

दुसरा दिवस निजामुद्दीनचा. हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याच्या आवारातच अमीर खुसरो आणि शाहजहानची मुलगी जहाँआरा यांच्या कबरी आहेत. मिर्झा गालिबची कबरही तिथून जवळच आहे. गल्ल्या अरुंद आहेत, मुलांचा हात सोडू नका. चादर, फुलं, नजराणा यांसाठी कोणी मागे लागलं तर नम्रपणे नाही म्हणा. फातिहा पढायला पैसे लागत नाहीत. रस्त्यापलीकडे हुमायूनचा मकबरा आहे. 1857 मध्ये बहादूरशाह जफर यांना इंग्रजांनी इथेच पकडलं. शेजारच्या सुंदर नर्सरी बागेत थकलेल्या माणसाला निवांत बसता येतं.

तिसऱ्या दिवशी कुतुबमिनार. इथे चालणं बरंच आहे. ज्यांना झेपत नाही त्यांना त्या दिवशी खोलीवर आराम करू द्या. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

मेट्रोत गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूचा पहिला डबा बायकांचा असतो. घरातले पुरुष दुसऱ्या डब्यात चढणार असतील तर उतरायचं स्टेशन आधीच सर्वांना सांगून ठेवा. रिक्षात बसण्यापूर्वी भाडं ठरवा.

सफरीतल्या नमाजाचंही निघण्यापूर्वी नीट समजून घ्या. येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा असेल तर शाफई मसलकात कसरची सवलत संपते. हनफी मसलकात ही मुदत पंधरा दिवसांची आहे. जोहर आणि असर एकत्र पढण्याची मुभा शाफई मसलकात मुसाफिराला आहे, हनफीत नाही. आपल्या कोकणातली बहुतेक घरं शाफई, घाटावरची बरीचशी हनफी. एकत्र निघालेल्या दोन कुटुंबांत यावरून वाद नको. आपापल्या मौलानांना विचारून निघा. जुन्या इमारतींमधल्या प्रत्येक मस्जिदीत नमाजाची परवानगी नसते. तिथल्या पहारेकऱ्याला आधी विचारा.

अम्मीला पुन्हा दिल्लीला नेणं जमलं नाही. गेल्या वर्षी ती अल्लाहच्या रहमतीत गेली. म्हणून तिकिटं काढण्यापूर्वी घरातल्या थोरांना एवढंच विचारा, "तुम्हाला एकच जागा पाहायची असेल तर कोणती?" जे नाव सांगतील, तिथे पहिल्या सकाळी जा. कुतुबमिनार कुठे जात नाही.