पोकळ पण पक्की भिंत

कऱ्हाडच्या बाजूला घर बांधायचे म्हणजे भाजकी वीट, हे ठरलेलेच. पण प्रत्येक विटेमागे कसदार माती जाते आणि भट्टीत जळण जाते. म्हणून आईवडिलांच्या जागेवर दोन खोल्या काढताना एवढे पक्के ठरवले होते की वीटच वापरायची, पण कमी.

वाट लॉरी बेकर यांच्याकडून मिळाली. 1945 साली इंग्लंडहून भारतात आलेले हे वास्तुरचनाकार पुढे केरळात स्थिरावले. तिरुअनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात त्यांच्या उघड्या विटांच्या इमारती मी पाहिल्या होत्या. गिलावा नाही, रंग नाही, तरी किती देखण्या! त्यांनी केरळात रुजवलेली ‘रॅट ट्रॅप बाँड’ची भिंत आपल्याकडे उभी राहावी, असे तेव्हाच मनात आले.

रचना साधी आहे. वीट निजवायची नाही, कडेवर उभी करायची. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक वीट, मध्ये तीन इंचांची पोकळी. मग एक वीट आरपार, तीही कडेवर, म्हणजे दोन्ही अंगे एकमेकांना बांधली जातात. भिंत नऊ इंचीच होते, पण विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि सिमेंटचा मालही वाचतो. आत कोंडलेल्या हवेमुळे उन्हाची धग खोलीत लवकर शिरत नाही.

गवंडीमामा म्हणाले, “ताई, पोकळ भिंतीवर स्लॅब कसा टाकायचा?” प्रश्न रास्तच होता. जोत्यावरचा, खिडकीखालचा, लिंटेलजवळचा आणि छताखालचा थर भरीव. दारा-खिडक्यांच्या बाजू भरीव. कोपऱ्यांच्या पोकळीत सळई उभी करून काँक्रीट. कागदावर सगळे काढून दाखवले. मामांनी मान डोलावली, पण विश्वास बसला तो भिंत चढायला लागल्यावर.

त्रास झाला तो मालाचा. तो पोकळीत पडायचा. यावरचा उपाय मामांचाच: तीन इंच रुंदीची फळी पोकळीवर ठेवायची, माल पसरायचा, फळी उचलून घ्यायची. इतकी सोपी गोष्ट, पण तिच्याशिवाय ही भिंत नीट होत नाही. विटाही सरळ आणि एका मापाच्याच हव्यात. आम्ही भट्टीवर जाऊन निवडून आणल्या, त्याचे जास्त पैसे मोजले, आणि ते योग्यच होते. बाहेरून गिलावा केला नाही. विटांमधल्या दरजा मात्र जीव लावून भरून घेतल्या आणि पावसाच्या बाजूला छत चांगले बाहेर काढले.

आता एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या खोलीत आई निवांत झोपते. शेजारच्या घरात त्या वेळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

तुम्ही घर काढणार असाल, तर आधी कंपाउंडची किंवा गोठ्याची एक भिंत अशी बांधून घ्या. गवंड्याचा हात तिथे बसू द्या. मग अभियंत्याकडून आराखडा तपासून घ्या आणि घराला सुरुवात करा.