खाऱ्या पाण्याची माणसे

ऑस्ट्रेलियात मूलनिवासींचा सिनेमा दाखवताना आधी पडद्यावर पाटी येते : यात मृत व्यक्तींचे चेहरे व आवाज असू शकतात. घरच्या माणसांचे मन जपायची ही रीत मला फार आवडते.

२००४ सालचा ‘धाकियार व्हर्सेस द किंग’ हा माहितीपट अवश्य पाहावा. उत्तरेकडे अर्नहेम लँडच्या किनाऱ्यावर ब्लू मड बे ही खाडी आहे. तिथल्या वुडा बेटावर १९३३ साली पोलिसाने धाकियारच्या पत्नीला साखळीने बांधले. धाकियारने भाला मारला, पोलीस मेला. डार्विनच्या कोर्टाने फाशी सुनावली. १९३४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. धाकियार सुटला, पण घरी कधीच पोचला नाही! सत्तर वर्षांनी त्याच्या वंशजांनी डार्विनच्या न्यायालयातच विधी केला आणि त्या पोलिसाच्या नातेवाइकांनाही बोलावले.

त्याचे लोक योलंगू. त्यांच्या लेखी जमीन किनाऱ्याला संपत नाही. समुद्रही कुळाकुळाचा असतो. १९९६ साली याच खाडीत चोरट्या मासेमारांच्या तळावर मगरीचे छाटलेले मुंडके सापडले. मगर हा त्यांचा पूर्वज. ४७ चित्रकारांनी सालींवर ८० चित्रे काढली : हा समुद्र आमचा, ही त्याची कागदपत्रे. ती आता सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहेत.

३० जुलै २००८ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. योलंगूंच्या जमिनीवर भरतीचे पाणी चढते, तिथे कोणाला येऊ द्यायचे हे तेच ठरवतील. पाण्याचा हक्क काय असतो, हे चवदार तळ्याच्या लेकरांना मी काय सांगावे?