हाताचे डोळे

मुलांनो, आधी एक गंमत करून बघा. डोळे मिटा आणि आईला सांगा, "माझ्या तळहातावर एखादी वस्तू ठेव." बोटं अजिबात हलवायची नाहीत हं! ओळखता येते का वस्तू? आता ती बोटांनी चाचपा. किल्ली आहे की चिंचोका, पटकन कळलं ना?

हा खेळ मी माझ्या दुसरीच्या वर्गात घेतला, तो एका पेल्यामुळे.

आमची शाळा बारामती एमआयडीसीजवळ. कुणाचे बाबा रिक्षांच्या कारखान्यात, तर कुणाची आई टेक्स्टाईल पार्कमध्ये शिलाईवर. वर्गातल्या एका मुलाचा उजवा हात जन्मापासून आखडलेला आहे. तो डाव्या हातानं लिहितो. गणितात एकदम तयार! एकदा तो उजव्या हातात पाण्याचा पेला धरून उभा होता. मित्रानं हाक मारली, त्यानं मान वळवली आणि पेला सुटला. माझं हजेरीपत्रक चिंब! मी ओरडले, "लक्ष कुठंय तुझं?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, पेला हातात आहे का, ते मला बघावं लागतं."

मी गप्पच झाले. त्याचा हात नीट हलत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मग मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं. या त्रासाला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. यात जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली असते. मेंदूत हालचालीची आणि स्पर्शाची जागा अगदी शेजारी-शेजारी. त्यामुळे एकीला धक्का बसला, की पुष्कळदा दुसरीलाही बसतो. शिवाय बोटं फिरवता आली नाहीत, तर वस्तू ओळखायची कशी? तुम्ही आत्ताच करून पाहिलंत!

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत नाणं, किल्ली, खडू आणि चिंचोका घातला. त्यानं डाव्या हातानं सगळं ओळखलं. उजव्या हातानं मात्र बराच वेळ चाचपून म्हणाला, "काहीतरी आहे." दोघं-तिघं हसले. मग मी सगळ्यांच्या हातांत लोकरीचे दोन-दोन मोजे चढवले. नाणं कुणालाच सापडेना. हसणं थांबलं.

पालकसभेला त्याचे वडील आले होते. म्हणाले, "बाई, मी न बघता बोटांनी नटबोल्ट ओळखतो. पण पोराच्या हाताला ते कळत नसेल, हे कधी मनातच आलं नाही. 'नीट धर' म्हणून मीही चापट दिलीय." त्यांचा आवाज दाटला. चूक माझीही तीच होती.

मुंबईच्या मालिनी चिब यांनाही जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई, डॉ. मिठू अलूर, यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था आणि शाळा सुरू केली. मालिनीताईंनी एका बोटानं टाईप करत आपली जीवनकहाणी लिहिली. ते पुस्तक २०१० साली प्रसिद्ध झालं. हात कसा चालतो, यावरून कुणाचं डोकं मोजू नये, हेच खरं!

आता आमचा गडी पेला दोन्ही हातांनी धरतो. पिशवीचा खेळ रोज चालतो. वस्तू आधी डाव्या हातात, मग उजव्या. परवा त्यानं उजव्या हातानं किल्ली ओळखली. नाणं अजून चुकतं.

आणि आई-बाबांनो, तुमच्या घरी कुणाच्या हातून पेला सुटला, तर ओरडण्याआधी एवढंच विचारा, "हाताला काय कळलं रे तुझ्या?"